तफावत कोणाच्या खात्यावर?

तहसील कचेरीत ‘फौत’ हा शब्द रोज कानावर पडतो. खातेदार फौत झाला, वारसांची नोंद झाली. त्याच कचेरीच्या कागदांत ‘तफावत’ही रोजचीच: रोकड आणि वही यांत तफावत, मोजणी आणि सातबारा यांत तफावत. हे दोन शब्द सख्खे आहेत. दोघांचं मूळ अरबीतल्या ‘फ-व-त’ या धातूत. अर्थ निघून जाणं, हातून निसटणं. जो निघून गेला तो फौत. दोन गोष्टी एकमेकींपासून निसटून दूर झाल्या, की मधे पडलेलं अंतर म्हणजे ‘तफावुत’. फारसीच्या वाटेने मराठीत आल्यावर तीच तफावत.

अरबी व्याकरणात हा शब्द ज्या साच्यातून निघतो तो परस्परभावाचा साचा आहे. आपला ‘तमाशा’ही मुळात त्याच साच्यातला: ‘तमाशी’ म्हणजे सोबतीने हिंडणं, आणि हिंडता हिंडता जे पाहायचं तो फारसीत तमाशा झाला. या साच्यातल्या क्रियेला किमान दोघं लागतात. तफावतीलाही लागतात. एकच वही असेल तर तीत चूक असेल, लबाडी असेल; तफावत दिसायला दुसरी वही उघडावी लागते. आणि दिसली तरी ती दोन वह्यांच्या मधे दिसते. कोणती वही खोटी, हे तफावत सांगत नाही.

भौतिकशास्त्रातला एक जुना आणि अजून न सुटलेला पेच नेमका हाच आहे. निसर्गातली एकच राशी दोन प्रयोगशाळा मोजतात. दोघी आपापला आकडा देतात, सोबत आपली अनिश्चितता सांगतात, आणि दोन आकडे त्या अनिश्चिततेत मावणार नाहीत इतके लांब पडतात. पाठ्यपुस्तकात छापायला आकडा मात्र एकच हवा. तो कसा काढायचा, याच्या ज्या रीती गेल्या शतकात घडल्या, त्यांचे शब्द तपासताना माझ्या असं लक्षात आलं की शब्दांच्या पोटात रीतीचा इतिहास आधीच लिहून ठेवलेला आहे.

उदाहरण न्यूटनच्या गुरुत्वीय स्थिरांकाचं घेऊ. भौतिकशास्त्रज्ञ ज्याला ‘बिग जी’ म्हणतात तो. एककं आणि दहाचे घात बाजूला ठेवून नुसते आकडे पाहू. मूलभूत स्थिरांकांच्या शिफारशी करणारी ‘कोडाटा’ ही आंतरराष्ट्रीय समिती. तिने १९८६ साली ६.६७२५९ हा आकडा दिला, अनिश्चितता ०.०००८५. बारा वर्षांनी, १९९८ च्या शिफारशीत, आकडा ६.६७३ असा आखूड झाला आणि अनिश्चितता ०.०१० वर गेली, म्हणजे जवळजवळ बारापट. बारा वर्षांत उपकरणं सुधारली, संगणक आले, आणि ज्ञान मात्र मागे आल्यासारखं दिसलं. कारण होतं तफावत. जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या राष्ट्रीय मापनसंस्थेने, पीटीबीने, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ६.७१५४० हा आकडा जाहीर केला होता. अनिश्चितता फक्त ०.०००५६. इतरांपेक्षा तो ०.६ टक्क्यांनी जास्त होता. कुठे चुकलं हे सापडत नव्हतं. मोजणारे नवशिके नव्हते, संस्था नावाजलेली होती. समितीने तो आकडा सरासरीत धरला नाही, पण नजरेआडही केला नाही. आपल्या शिफारशीची अनिश्चितताच तिने फुगवली. मला ही कृती फार मोलाची वाटते. जगापुढे आपलं अज्ञान बारापटीने मोठं करून मांडायला धैर्य लागतं.

‘अनिश्चितता’ आणि ‘त्रुटी’ हे शब्द इथे वेगळे धरले पाहिजेत. त्रुटी हा शब्द आपल्याकडे आता अर्जांपुरता उरला आहे: अर्जातल्या त्रुटींची पूर्तता करा. संस्कृत ‘त्रुट्’ म्हणजे तुटणं, मोडणं. आपलं तुटणं आणि तूट त्याच घरचं. पण त्रुटी हे ज्योतिषातलं कालमापही आहे. भास्कराचार्यांच्या कोष्टकाने हिशेब केला तर एका सेकंदात ३३,७५० त्रुटी बसतात. कोणत्याही घटीयंत्राने न मोजता येणारा, केवळ गणिताने तोडलेला काळाचा तुकडा. परिभाषा करणाऱ्यांनी विज्ञानातल्या ‘एरर’साठी हा शब्द घेतला तेव्हा त्यांच्या मनात बहुधा उणिवेचा अर्थ असावा, पण मला तो जुना, न दिसणाऱ्या तुकड्याचा अर्थही चपखल वाटतो. लॅटिनमधला ‘एरर’ म्हणजे भटकणं, वाट सोडणं. प्रयोगाची त्रुटी म्हणजे त्याचा आकडा आणि खरं मूल्य यांतलं अंतर. खरं मूल्य माहीत नसल्यामुळे ती कोणालाच माहीत नसते. अनिश्चितता ही प्रयोगकर्त्याने स्वतःविषयी दिलेली कबुली असते: मी साधारण इतका चुकलेला असू शकतो. मापनशास्त्रात हा भेद १९९३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने पक्का केला. त्रुटी झाकलेली, अनिश्चितता सांगितलेली. उघड्यावर दिसते ती फक्त तफावत.

‘चूक’ आणखी निराळी. हेन्री कॅव्हेंडिशने १७९८ साली शिशाचे मोठे गोळे आणि तारेला टांगलेली दांडी यांच्या साह्याने पृथ्वीची घनता काढली. २९ निष्कर्षांची सरासरी त्याने पाण्याच्या ५.४८ पट अशी दिली. पुढे फ्रान्सिस बेलीने तेच आकडे पुन्हा मांडले, तर सरासरी ५.४५ भरली. कॅव्हेंडिशच्या बेरजेत ४.८८ च्या जागी ५.८८ आलेला होता. ही शुद्ध चूक. वही तपासली की सापडते आणि दुरुस्त होते. आजचा आकडा ५.५१ आहे, म्हणजे चुकीने कॅव्हेंडिश सत्याच्या थोडा जवळच सरकला होता. दुरुस्त केलेले ५.४५ आणि ५.५१ यांच्यात जे उरतं, ती त्रुटी.

आता सरासरीकडे वळू. फारसी ‘सर’ म्हणजे डोकं, टोक. ‘सरासर’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, आरपार. ‘सरासर खोटं’ म्हणताना आपण तोच अर्थ वापरतो. सगळ्यावरून एकदा हात फिरवला की हाती येते ती सरासरी. शब्दात दोन्ही टोकं शाबूत आहेत, हे मला महत्त्वाचं वाटतं. संख्या काढल्यावर टोकं पुसली जातात आणि मधला एकच आकडा उरतो.

फारसी शब्द रुळण्याआधी आपल्याकडे याला नाव नव्हतं असं नाही. ११५० च्या लीलावतीत खातव्यवहाराचं प्रकरण आहे, खड्डे आणि तळी खोदण्याच्या हिशेबाचं. खड्डा वेडावाकडा असेल तर रुंदी अनेक ठिकाणी मोजावी, बेरीज करावी, ठिकाणांच्या संख्येने भागावी. जे येतं त्याला भास्कराचार्य ‘सममिति’ म्हणतात. सम म्हणजे सारखं, मिति म्हणजे माप. तोच शब्द आज आपल्या शाळेत भूमितीच्या तासाला भेटतो, पण अर्थ बदलून: फुलपाखराच्या दोन पंखांची सममिती. सरासरीचा शब्द आरशाला गेला आणि मुलांना सरासरीसाठी ‘मध्य’ शिकवला जातो. लीलावतीवर कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी सोळाव्या शतकात टीका लिहिली, बुद्धिविलासिनी. तीत या नियमावर ते सांगतात की जितक्या जास्त ठिकाणी मोजाल तितकं सममाप खऱ्याच्या जवळ जाईल. मुरूड-जंजिऱ्याच्या शेजारी बसून एका ज्योतिषाने सरासरीवरचा विश्वास इतक्या स्वच्छ शब्दांत मांडावा, याचा मला अभिमान वाटतो.

खड्ड्याच्या बाबतीत तो विश्वास रास्त आहे. कुठे माप थोडं जास्त येतं, कुठे थोडं कमी, आणि बेरजेत ते एकमेकांना खाऊन टाकतं. पण मोजायची काठीच आखूड असेल तर? शंभर ठिकाणी मोजा, उत्तर शंभर वेळा तितकंच चुकीचं येईल. प्रत्येक प्रयोगशाळेची काठी वेगळी आणि तिचा आखूडपणा तिलाच न दिसणारा, अशी बिग जीची अवस्था आहे.

शिवाय सगळ्या प्रयोगांना सारखं धरायचं नसतं. ज्याची अनिश्चितता कमी त्याचं म्हणणं जास्त मोलाचं. सरासरी काढताना त्याला जास्त वजन. नियम असा की वजन अनिश्चिततेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. अनिश्चितता निम्मी सांगितली की वजन चौपट. ‘वजन’ हाही अरबी शब्द. तराजूतलं वजन, गझलेच्या ओळीचं वजन आणि गावातल्या माणसाचं वजन हे सारं त्यात येतं. परिभाषेत ‘भारित माध्य’ म्हणतात, पण वजन या शब्दात एक धोक्याची सूचना आहे जी ‘भार’मध्ये नाही. गावात ज्याचं वजन असतं तो नेहमी बरोबर असतो असं नाही. तो ठामपणे बोलतो. भारित सरासरीतही ठाम बोलणाऱ्याला मान मिळतो, आणि ठामपणा किती खरा हे त्या गणितात कुठेच तपासलं जात नाही.

दोन खरे आकडे घेऊन हिशेब करून पाहू. अमेरिकेत बोल्डर इथे पार्क्स आणि फॅलर यांनी लंबक आणि लेसर वापरून २०१० मध्ये ६.६७२३४ असा बिग जी दिला, अनिश्चितता ०.०००१४. पॅरिसजवळच्या सेव्हर इथल्या आंतरराष्ट्रीय वजनमापे कार्यालयाने २०१३ मध्ये ६.६७५४५ दिला, अनिश्चितता ०.०००१८. भारित सरासरी येते ६.६७३५१ आणि तिची अनिश्चितता ०.०००११. दोघांपैकी एकालाही जो आकडा कधी दिसला नाही, तो आता दोघांपेक्षा जास्त खात्रीने छापला जाणार. दोन साक्षीदार परस्परविरोधी साक्ष देतात आणि न्यायाधीश तिसरीच हकिगत अधिक ठामपणे लिहून घेतो, तसं हे झालं.

बर्कलीच्या रेमंड बर्जने या दुखण्यावर बोट ठेवलं. १९२९ मध्ये त्याने भौतिक स्थिरांकांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. इलेक्ट्रॉनचा प्रभार आणि वस्तुमान यांच्या गुणोत्तरापाशी तो अडला. वर्णपटावरून १.७६१ येत होतं, विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांत वळवलेल्या इलेक्ट्रॉनांवरून १.७६९. बर्जने मधला आकडा काढला नाही, दोन्ही छापले. पुढच्या काही वर्षांत नवे प्रयोग झाले आणि दोन्ही वाटा १.७५९ च्या आसपास येऊन मिळाल्या. मधला आकडा छापला असता तर तोही फसवा निघाला असता, आणि भांडण मिटल्याचा भास झाला असता तो वेगळाच.

१९३२ मध्ये बर्जने तफावतीचं मापच तयार केलं. प्रयोगांनी सांगितलेल्या अनिश्चिततेवरून आकडे किती विखुरलेले असायला हवेत ते काढा. प्रत्यक्षात किती विखुरलेत ते पाहा. दोहोंचं गुणोत्तर घ्या. ते एकच्या आसपास असेल तर मंडळी सुसंगत. एकच्या बरंच वर गेलं तर कोणीतरी, कुठेतरी, आपली अनिश्चितता कमी सांगितली आहे. वरच्या दोन आकड्यांसाठी हे गुणोत्तर साडेतेराच्या वर जातं. इंग्रजीत अशा आकड्यांना ‘डिस्क्रेपंट’ म्हणतात. त्यात लॅटिन ‘क्रेपारे’ आहे, म्हणजे खडखडणं, वाजणं. बेसूर वाजतं ते डिस्क्रेपंट. आपल्याकडे संवादी आणि विवादी स्वर आहेतच, पण इथे मला तफावत जास्त खरी वाटते. बेसूर गाणारा ऐकू येतो, बोट दाखवता येतं. तफावतीत कोणाकडे बोट दाखवायचं हेच कळत नाही.

मग करायचं काय? मूलकणांची मापं गोळा करणारा पार्टिकल डेटा ग्रुप, तोही बर्कलीचाच, गेली अनेक दशकं बर्जच्या गुणोत्तराचा असा वापर करतो: गुणोत्तर एकपेक्षा जास्त आलं तर सर्वांच्या अनिश्चितता त्याच पटीत वाढवायच्या. युक्तिवाद सरळ आहे. कोण चुकलं हे ठाऊक नाही, म्हणून सगळेच सारख्या प्रमाणात कमी बोलले असं धरू. वरच्या जोडीत ०.०००११ चे ०.००१५ होतात. कोडाटाची २०१८ ची शिफारस याच पद्धतीची आहे. १६ मोजमापं, प्रत्येकाची अनिश्चितता ३.९ पटीने वाढवलेली, आणि उत्तर ६.६७४३०, अनिश्चितता ०.०००१५. ज्यांनी निर्दोष काम केलं असेल त्यांच्याही माथी ३.९ पट. यावर अन्याय म्हणून टीका होते.

या टीकेचं उत्तर मला ‘ॲव्हरेज’ या शब्दात सापडलं. बहुतेक व्युत्पत्तिकार तो अरबी ‘अवार’पर्यंत नेतात: खराबी, मालातलं नुकसान. भूमध्य समुद्रावरच्या व्यापारात त्याचा इटालियन ‘अवारिया’ झाला, फ्रेंच ‘आवारी’ झाला, आणि इंग्रजीत ॲव्हरेज. वादळात जहाज वाचवायला काही गाठोडी समुद्रात फेकावी लागत. कोणाची फेकली हा योगायोग. जी हाताशी होती ती गेली. म्हणून कायदा असा झाला की फेकलेल्या मालाची किंमत जहाजमालक आणि सगळे माल-मालक यांनी आपापल्या हिश्शाच्या प्रमाणात सोसायची. रोमन कायद्याने ही रीत रोड्स बेटाच्या सागरी कायद्यातून घेतली. ती आजही जिवंत आहे. २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या ‘एव्हर गिव्हन’च्या मालकांनी हीच ‘जनरल ॲव्हरेज’ जाहीर केली, आणि ज्यांचे कंटेनर धड होते त्यांनाही वाटा उचलणं भाग पडलं. गणितातल्या मध्याचा अर्थ या शब्दाला नंतर आला. आधी तो नुकसान वाटून घेण्याचा शब्द होता.

सर्वांच्या अनिश्चितता सारख्या पटीत वाढवणं ही अक्षरशः जनरल ॲव्हरेज आहे. तफावत हे सामाईक नुकसान. कोणाच्या मालामुळे झालं ते ठाऊक नाही, तोवर सर्वांनी आपल्या हिश्शाने सोसायचं. आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यात याच्या जोडीला दुसराही प्रकार आहे, ‘पर्टिक्युलर ॲव्हरेज’: ज्याचा माल खराब झाला त्याचं त्यानेच सोसायचं. विज्ञानात पहिल्या प्रकारातून दुसऱ्यात जाण्याची वाट एकच, ती म्हणजे दोष शोधून काढणं. पीटीबीच्या बाबतीत ते घडलं. त्यांच्याच शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये दाखवलं की उपकरणातल्या विद्युतमापकाची धारकता वारंवारतेप्रमाणे बदलत होती, आणि एवढ्या मोठ्या फरकाचा उलगडा त्यातून होऊ शकतो. १९९८ मध्ये सगळ्या जगाने उचललेला बोजा अशा रीतीने ज्याच्या त्याच्या खात्यावर गेला. तोवरच्या मधल्या काळात, तो बोजा वाटून उचलणं हेच न्याय्य होतं असं माझं मत आहे.

या रीतीला मर्यादाही आहेत. न्यूट्रॉनच्या आयुष्याची गोष्ट पाहा. ग्रनोबलला सेरेब्रोव्ह आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ८७८.५ सेकंद हे मूल्य दिलं; तेव्हा पार्टिकल डेटा ग्रुपची सरासरी ८८५.७ होती आणि अनिश्चितता ०.८. नवा आकडा इतका दूर होता की तो काही वर्षं सरासरीबाहेरच ठेवला गेला, नंतर आत घेतला, आणि २०१२ मध्ये सरासरी ८८०.१ वर आली. पुढच्या मोजमापांनी तिला आणखी खाली नेलं. २०२२ मध्ये ती ८७८.४ होती. वाटा उचलायला कोणाला जहाजावर घ्यायचं, हा निर्णय गणिताच्या आधी माणसांनी घ्यावा लागतो. आणि न्यूट्रॉन बाटलीत कोंडण्याऐवजी वाहत्या शलाकेत मोजणाऱ्या अमेरिकन प्रयोगाचा ८८७.७ हा आकडा २०२२ च्या त्या सरासरीत धरलेला नव्हता.

गणेश दैवज्ञांनी असा निर्णय उघडपणे घेतला होता. त्यांच्या काळी ग्रहगणिताचे तीन पक्ष होते, सौर, आर्य आणि ब्राह्म, आणि तिघांचे ग्रह आकाशात वेगवेगळ्या जागी येत. १५२० च्या ग्रहलाघवात त्यांनी सगळ्यांची एक सरासरी काढली नाही. सूर्य सौरपक्षाचा घेतला. चंद्रही त्याच पक्षाचा, पण नऊ कला कमी करून. गुरू, मंगळ आणि राहू आर्यपक्षाचे, शनी आर्यपक्षाचाच पण पाच अंश वाढवून, बुधाचं केंद्र ब्राह्मपक्षाचं. आणि शुक्राचं केंद्र मात्र ब्राह्म आणि आर्य या दोहोंच्या बरोबर मधोमध. कसोटी एकच होती आणि तिला त्यांनी नावही दिलं: दृक्तुल्यता, डोळ्याला दिसतं त्याच्याशी जुळणं. सगळ्या ग्रहांत सरासरी फक्त शुक्राच्या वाट्याला आली, आणि तीही आकाशाने मान्य केली म्हणून. सिद्धान्ताच्या आकड्यात अशी दुरुस्ती करण्याला ज्योतिषी ‘बीजसंस्कार’ म्हणत.

बिग जीला अजून बीज सापडलेलं नाही. वूहानच्या हुआझोंग विद्यापीठातल्या गटाने २०१८ मध्ये दोन स्वतंत्र पद्धतींनी मोजून ६.६७४१८४ आणि ६.६७४४८४ असे दोन आकडे दिले. दोन्हींची अनिश्चितता ०.००००७८, म्हणजे एकाच छताखाली पुन्हा तफावत; लहान, पण आहे. दुसरीकडे सेव्हरचं उपकरण अमेरिकेच्या राष्ट्रीय मापनसंस्थेने आपल्याकडे नेऊन तोच प्रयोग नव्या हातांनी मांडला. त्यातल्या दंडगोलांच्या वजनात एका सहकाऱ्याने एक आकडा गुपचूप मिसळून ठेवला, म्हणजे मोजणाऱ्यांना आपलं उत्तर जुन्या उत्तराच्या किती जवळ चाललं आहे ते काम संपेपर्यंत कळू नये.